अंथरुणाला खिळलेला लेखक आणि गडकोटांच्या गोष्टी : कादंबरीकार नाथमाधव



आजच्या पाठात आपण अशा एका लेखकाची ओळख करून घेणार आहोत, ज्यांचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल, पण पुस्तक मात्र हातात घेतलेलं नसेल. ते म्हणजे कादंबरीकार नाथमाधव. वीरधवल, सोनेरी टोळी, सावळ्या तांडेल, स्वराज्याचा श्रीगणेशा ही त्यांची काही पुस्तकं. नुसती नावं मोठ्याने वाचा, मुलांचे कान टवकारतात की नाही बघा!

मुलांना इतिहासातल्या साहसाच्या आणि रहस्याच्या गोष्टी आवडतात, हे काही वेगळं सांगायला नको. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. अशी पुस्तकं मुलांना द्यावीत का, दिली तर कशी द्यावीत, आणि ती वाचून मुलांच्या हाती नेमकं काय लागतं? "अभ्यास सोडून गोष्टी काय वाचतोस?" असं आपण घरी किती सहज म्हणून जातो! नाथमाधवांचं आयुष्य नीट समजून घेतलं तर या प्रश्नाकडे बघायची आपली नजर थोडी बदलेल असं मला वाटतं. कारण कडे चढणारे, घोडे फेकणारे, रात्रीच्या अंधारात शत्रूच्या गोटात शिरणारे वीर ज्या लेखकाने रंगवले, त्याचं स्वतःचं कमरेखालचं शरीर लुळं पडलेलं होतं.

नावाची फोड

नाथमाधव हे टोपणनाव. पूर्ण नाव द्वारकानाथ माधव पितळे. स्वतःच्या नावातला शेवटचा भाग 'नाथ' आणि वडिलांचं नाव 'माधव', दोन्ही जोडले की झालं नाथमाधव. वर्गात टोपणनावं शिकवताना आपण नेहमी कुसुमाग्रज, केशवसुत, बालकवी ही नावं सांगतो. त्यांच्या जोडीला हे नाव जरूर सांगा आणि मुलांना स्वतःच्या व आईच्या किंवा वडिलांच्या नावातून टोपणनाव बनवायला सांगा. पाच मिनिटांत वर्ग हसायला लागतो आणि लेखकाचं नाव कायमचं लक्षात राहतं.

जन्म आणि तेव्हाची मुंबई

नाथमाधवांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. ती मुंबई कशी होती याची थोडी कल्पना मुलांना द्यायला हवी. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो ती बोरीबंदरची भव्य इमारत तेव्हा बांधून पूर्ण व्हायची होती. ती तयार झाली तेव्हा नाथमाधव पाच-सहा वर्षांचे असतील. परळ, लालबाग, चिंचपोकळी या भागात गिरण्यांच्या चिमण्या एकामागून एक उभ्या राहत होत्या. कोकणातून आणि घाटावरून माणसं पोटासाठी मुंबईत येत होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा नाथमाधव चौदा वर्षांचे होते. सातवी-आठवीतल्या मुलाचं वय! लोक घरं सोडून गावाकडे पळत होते आणि अर्धी मुंबई ओस पडल्यासारखी झाली होती. कोरोनाच्या काळात आपण जे पाहिलं त्यावरून मुलांना हे चित्र चटकन समजेल.

याच सुमारास महाराष्ट्रात इतिहासाचं वारं जोरात वाहू लागलं होतं. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला. १८९८ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या 'करमणूक' या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने येत होत्या आणि पुढचा अंक कधी येतो याची लोक वाट बघत होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं तेही १८९८ मध्येच. म्हणजे बघा, आपल्या इतिहासाविषयी कुतूहल, वाचायला ताज्या कादंबऱ्या आणि पुस्तकं मिळण्याची सोय, या तिन्ही गोष्टी नाथमाधवांची पिढी तरुण होत असतानाच जुळून आल्या.

तोफांचा कारखाना आणि शिकारीचा नाद

शिक्षण आटोपल्यावर नाथमाधवांनी कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरी धरली. इथे आपल्या भागातल्या मुलांसाठी एक गंमत आहे. आपण राहतो त्या भागाचं नाव कॉटन ग्रीन. पण नाथमाधव कुलाब्याला नोकरी करत होते त्या काळात मुंबईतलं कॉटन ग्रीन हे तिकडे कुलाब्यालाच होतं! कॉटन ग्रीन म्हणजे कापसाच्या खरेदी-विक्रीचं मोकळं मैदान. आधी ते किल्ल्याच्या आत, म्हणजे आजच्या फोर्ट भागात होतं. मग कुलाब्याला गेलं. पुढे समुद्रात भराव घालून शिवडी-माझगावच्या बाजूला नवी जमीन तयार झाली, तेव्हा कापसाचा बाजार इकडे आला आणि येताना नावही घेऊन आला. हार्बर लाइनवरच्या आपल्या स्टेशनला ते चिकटलं. इतिहास काही फक्त गडांवरच नसतो, तो रोजच्या लोकलच्या पाटीवरही असतो, हे मुलांना सांगायला याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही.

तर, नोकरी तोफांच्या कारखान्यातली, पण मन रमायचं डोंगरात आणि रानात. नाथमाधवांना शिकारीचा भारी नाद होता. आज वन्य प्राण्यांची शिकार हा कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. हे मुलांना स्पष्ट सांगावं. त्या काळी मात्र शिकार हा धाडसाचा छंद समजला जाई. या छंदापायी ते सह्याद्रीच्या डोंगरांत भटकत. दिशा ओळखणं, माग काढणं, दम धरून बसणं, कडा कुठून चढता येतो ते बघणं, हे सगळं शिकाऱ्याला यावंच लागतं. पुढे त्यांनी लिहिलेल्या गोष्टींना ही शिदोरी किती उपयोगी पडली असेल याचा विचार करून बघा.

सिंहगडाचा कडा

आणि मग तो दिवस आला. पुण्याच्या नैर्ऋत्येला सिंहगड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी आपल्या मावळ्यांसह कडा चढून हा गड घेतला आणि तिथेच ते धारातीर्थी पडले, हा इतिहास आपल्याकडे चौथीच्या मुलालाही ठाऊक असतो. याच सिंहगडाच्या परिसरात शिकारीसाठी हिंडत असताना नाथमाधव कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचा भाग लुळा पडला. तेव्हा ते ऐन विशीत होते.

इथे जरा थांबूया. हा प्रसंग वर्गात सांगताना आपण एका वाक्यात उरकतो आणि "पण त्यांनी हार मानली नाही" म्हणून पुढे जातो. तसं करू नका, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. मणक्याला किंवा कमरेला जबर मार बसून पाय गेलेल्या माणसाचं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काय होत असे? सतत पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो. आज यावर प्रतिजैविकं आहेत. तेव्हा ती नव्हती. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, आणि नाथमाधव वारले तेही १९२८ मध्येच! शिवाय मुंबईच्या इमारतींचे जिने, ट्राम, रस्ते यांतलं काहीही अशा माणसाचा विचार करून बांधलेलं नव्हतं. डोंगरात भटकणारा एक तरणाबांड माणूस एका क्षणात चार भिंतींच्या आत आला. त्याचं दुःख काय असेल, याचा अंदाज मुलांना स्वतःचा स्वतः करू द्या. लगेच त्याच्यावर तात्पर्याचं झाकण घालू नका.

वाचन आणि पहिली कादंबरी

अंथरुणात पडून असताना नाथमाधवांनी पुस्तकांचा आधार घेतला. भरपूर वाचलं आणि वाचता वाचता ते लिहू लागले. १९०८ मध्ये त्यांची 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस. त्यानंतर वीस वर्षं त्यांची लेखणी थांबली नाही. सामाजिक, ऐतिहासिक, रहस्याच्या वळणाची आणि अद्भुतरम्य अशा सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या.

अपघात झाला म्हणून ते लेखक झाले, असं आपण सहज बोलून जातो. पण नीट बघा हं. अपघाताने त्यांच्याकडून पाय नेले, दिलं काहीच नाही. त्यांच्याजवळ जे होतं ते त्याआधीचं होतं: पाहिलेले डोंगर, रानातल्या वाटा, कारखान्यात जवळून पाहिलेली शस्त्रांची दुनिया. त्यात भर घातली वाचनाने. म्हणून मुलांना सांगताना "संकट म्हणजे संधी" असा सुविचार फळ्यावर लिहिण्यापेक्षा, जे पाहिलंत, जे हिंडलात, जे वाचलंत ते वाया जात नाही, एवढं सांगितलं तरी पुष्कळ आहे.

समुद्र, रहस्य आणि अद्भुत

मुलांना आणि तरुणांना नाथमाधवांची ओढ लागली ती मुख्यतः अशा पुस्तकांमुळे. 'सावळ्या तांडेल' हे त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या, नाव हाकणाऱ्या खलाशांचा प्रमुख. शिवडी-दारुखान्याच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या, कोळीवाड्यात मित्र असणाऱ्या मुलांना हा शब्द परका नाही. बाकीच्या मुलांना तो समजावून सांगा. कादंबरीच्या नावातच एका दर्यावर्दी माणसाला मानाची जागा दिलेली आहे, हे त्यांच्या लक्षात आणून द्या.

१९१३ मध्ये आली 'वीरधवल'. ही कुठल्या एका खऱ्या राजाची चरित्रकथा नव्हे. जुन्या काळाचं वातावरण उभं करणारी ती अद्भुतरम्य कादंबरी आहे. त्या काळी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या चमत्कारिक आणि थरारक कादंबऱ्यांची भाषांतरं-रूपांतरं आपल्याकडे आवडीने वाचली जात. अशा वाचनाची गोडी लागलेल्या वाचकाला नाथमाधवांनी मराठी मातीतल्या नावांची, आपल्या सणवारांची आणि चालीरीतींची ओळखीची दुनिया दिली. 'वीरधवल' इतकी लोकप्रिय झाली की शंभर वर्षांनंतरही तिच्या नव्या आवृत्त्या निघतात. वाचनालयातली जुनी प्रत बघायला मिळाली तर पानांचे कोपरे दुमडून दुमडून तुटलेले दिसतील. पुस्तकाचं खरं प्रशस्तिपत्र ते!

'सोनेरी टोळी' ही रहस्याच्या अंगाने जाणारी कादंबरी. यातली टोळी लोकांना गोड बोलून गंडवणाऱ्या लबाडांची. आजही वर्तमानपत्रात साळसूद चेहऱ्याच्या फसवणाऱ्यांसाठी 'सोनेरी टोळी' हे शब्द वाचायला मिळतात. मोबाइलवर फसवणुकीचे फोन येण्याच्या या दिवसांत वरच्या वर्गातल्या मुलांशी बोलायला हा विषय किती जवळचा आहे, नाही का?

रहस्यकथा मुलाला काय देते, हेही इथे सांगून टाकते. रहस्यकथा वाचणारं मूल सतत अंदाज बांधत असतं. हा माणूस खरं बोलतोय का? ही वस्तू इथे कशी आली? मघाशी लेखकाने असं का सांगितलं? म्हणजे ते पुरावा तपासतं, मागचं आठवतं, आपला अंदाज चुकला तर तो बदलतं. आकलनाच्या प्रश्नांतून आपण जे साधायचा प्रयत्न करतो ते इथे मूल आपणहून, गुण न मागता करतं.

सुधारणेची बाजू

नाथमाधव म्हणजे फक्त तलवारी आणि भुयारं, असं कुणाला वाटू नये. 'सुहासिनी', 'देशमुखवाडी', 'विहंगवृंद' अशा सामाजिक कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या. 'डॉक्टर' ही त्यांची तीन भागांतली कादंबरी १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाली. स्त्रियांचं शिक्षण, मुलींचं लग्न लहानपणी न करता वाढत्या वयात करणं, विधवांचा पुनर्विवाह, या गोष्टींची बाजू त्यांनी आपल्या कादंबऱ्यांतून मांडली. त्या काळात ही मतं मांडायलाही धाडस लागत होतं बरं का! शब्दांनी लढायची ही लढाई त्यांनी घरात बसून लढली. ही पुस्तकं लहान मुलांसाठी नाहीत, पण आपण मोठ्यांनी वाचायला हरकत नाही.

स्वराज्याची कादंबरीमाला

आयुष्याच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत नाथमाधवांनी मोठं काम हाती घेतलं. शिवकाळाच्या पार्श्वभूमीवर कादंबऱ्यांची एक मालाच त्यांनी लिहिली. स्वराज्याचा श्रीगणेशा, स्वराज्याची स्थापना, स्वराज्याचा कारभार, स्वराज्यावरील संकट, स्वराज्यातील दुफळी ही त्यातल्या काही पुस्तकांची नावं. नावांचा क्रम मुलांना फळ्यावर लिहून दाखवा आणि विचारा, ही नावं वाचून काय कळतं? राज्य सुरू करावं लागतं, उभारावं लागतं, मग रोजचा कारभार करावा लागतो, बाहेरून संकटं येतात आणि आतून दुफळीही माजते. अहो, नागरिकशास्त्राचा अख्खा धडा या पाच नावांत आहे!

त्याआधीही मराठीत ऐतिहासिक कादंबरी होती. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची, ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. हरि नारायण आपट्यांनी 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' यांसारख्या कादंबऱ्यांनी हा प्रकार मोठ्या उंचीवर नेला. नाथमाधवांचं वेगळेपण असं की त्यांनी ही गोष्ट सर्वसामान्य वाचकाच्या आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या हातात नेऊन ठेवली. घटनेमागून घटना, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उत्सुकता, आणि राजांच्या जोडीला साधे शिलेदार, हेर, नोकर-चाकर यांनाही कथेत काम. मोठमोठे समीक्षक त्यांना पहिल्या रांगेत बसवत नाहीत हे खरं आहे. पात्रं एकरंगी असतात, योगायोग फार येतात, असे आक्षेप घेता येतात आणि त्यांत तथ्यही आहे. पण ज्या घरात पूर्वी पोथीशिवाय पुस्तक नव्हतं अशा कितीतरी घरांत कादंबरी शिरली ती अशाच लेखकांच्या हाताला धरून. वाचनाच्या जिन्याला ही पायरी लागतेच.

२१ जून १९२८ रोजी नाथमाधवांचं निधन झालं. वय फक्त सेहेचाळीस. त्यातली वीस वर्षं त्यांनी लेखनाला दिली. ज्या सिंहगडाच्या कड्याने त्यांचे पाय नेले, त्याच सह्याद्रीत ते पानापानांतून हिंडत राहिले आणि आपल्याबरोबर हजारो वाचकांना हिंडवत राहिले.

ही पुस्तकं मुलांच्या हाती देताना

आता आपल्या कामाचं बोलूया.

पहिली गोष्ट भाषेची. नाथमाधवांची भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे. वाक्यं लांब, वर्णनं ऐसपैस. पाचवी-सहावीच्या मुलाच्या हातात जाडजूड पुस्तक देऊन वाच म्हटलं तर ते दहाव्या पानावर मिटेल. म्हणून सुरुवातीला आपण मोठ्याने वाचून दाखवावं. रोज दहा मिनिटं पुरतात. लांबलेलं वर्णन थोडक्यात सांगावं, प्रसंग मात्र पूर्ण वाचावा आणि नेमकं उत्सुकतेच्या जागी थांबावं. आठवी-नववीपासून पुढची मुलं मग आपलं आपण पुस्तक मागतात.

दुसरी गोष्ट जुन्या समजुतींची. त्या काळच्या कादंबऱ्यांत नायक सर्वगुणसंपन्न, खलनायक ठार काळा आणि स्त्री बऱ्याचदा कुणीतरी सोडवायला यावं म्हणून वाट बघणारी, असं दिसतं. शत्रूपक्षातली सगळी माणसं एकजात वाईट असंही चित्र कधी येतं. हे लपवू नका आणि त्यासाठी पुस्तकही लपवू नका. थांबून विचारा: या मुलीच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? या शिपायाची बाजू काय असेल? आपल्याच वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं शेजारी शेजारी बसतात. गोष्ट संपल्यावर त्यातलं कुणी खाली मान घालून बसता कामा नये, ही जबाबदारी वाचून दाखवणाऱ्याची.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. लेखकाने कल्पनेने लिहिलेला प्रसंग मुलं खरा धरून चालतात, परीक्षेत तसंच लिहितात आणि मोठेपणी त्यावरून वादही घालतात. हा धोका खरा आहे. पण त्यावर उपाय पुस्तक काढून घेणं हा नाही. खरं काय आणि रचलेलं काय, हे ओळखायला शिकवणं हा उपाय आहे. त्यासाठी पुढचा उपक्रम करून बघा.

उपक्रम : शिवडीच्या किल्ल्याची गोष्ट

कॉटन ग्रीनच्या पुढचंच स्टेशन शिवडी. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर शिवडीचा किल्ला आहे. हा किल्ला इंग्रजांनी १६८० मध्ये बांधला, तो जंजिऱ्याच्या सिद्दीच्या भीतीने. आणि ती भीती खरी ठरली! १६८९ च्या एप्रिल महिन्यात सिद्दी याकूत खान मोठी फौज घेऊन शिवडीला उतरला. त्याने माझगाव घेतलं आणि इंग्रजांना मुंबईच्या कोटात कोंडून ठेवलं. वर्षाहून अधिक काळ हे चाललं. इंग्रजांनी औरंगजेबाची माफी मागून दंड भरला, तेव्हा कुठे १६९० च्या जूनमध्ये सिद्दी मुंबईतून निघाला. लक्षात घ्या, शिवडीवर सिद्दी उतरला त्याच्या आधीच्याच महिन्यात, मार्च १६८९ मध्ये, औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या करवली होती. म्हणजे आपली मुलं जिथे खेळतात तिथलं हे नाट्य स्वराज्यावरच्या त्या मोठ्या संकटाच्या दिवसांतलंच आहे.

आता असं करा:

१. मुलांना किल्ला दाखवायला न्या. जमलं नाही तर नकाशा दाखवा. समुद्र कुठे, टेकडी कुठे, माझगाव कुठल्या बाजूला, ते त्यांना ठरवू द्या.

२. वहीत दोन रकाने आखायला सांगा. डाव्या रकान्यात फक्त खात्रीच्या गोष्टी: वर्ष, ठिकाण, माणसांची नावं, काय घडलं. उजवा रकाना मोकळा ठेवा.

३. मग सांगा की त्या रात्री शिवडीच्या किनाऱ्यावर एका कोळ्याची दहा-बारा वर्षांची मुलगी जागी होती. तिला समुद्रात गलबतांचे दिवे दिसले. पुढे काय झालं? ते उजव्या रकान्यात लिहा.

४. गोष्टी वाचून झाल्यावर मुलांनी एकमेकांच्या वह्या बदलून तपासायच्या. उजवीकडची कुठली गोष्ट चुकून डावीकडे गेली का? डावीकडच्या माहितीला उजवीकडची गोष्ट छेद देते का?

हा उपक्रम केलेलं मूल पुढे ऐतिहासिक कादंबरी वाचेल, सिनेमा बघेल, मोबाइलवर इतिहासाचा एखादा संदेश वाचेल, तेव्हा त्याच्या मनात हे दोन रकाने आपोआप आखले जातील. नाथमाधवांसारखे लेखक डाव्या रकान्यावर उभे राहून उजवा रकाना लिहितात, ही गोष्ट त्याला कुणी समजावून सांगावी लागणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. नाथमाधव हे टोपणनाव कसं तयार झालं?
२. नाथमाधवांना डोंगर-रानाची माहिती कशामुळे झाली होती?
३. अपघातानंतर त्यांच्या रोजच्या जगण्यात कोणकोणत्या अडचणी आल्या असतील?
४. 'कॉटन ग्रीन' हे नाव कुठून कुठे आणि का गेलं?
५. कादंबरीतला प्रसंग खरा घडला होता की नाही, हे तुम्ही कसं शोधाल?

शब्दार्थ

तांडेल – होडीवरच्या खलाशांचा प्रमुख. शिलेदार – स्वतःचा घोडा व शस्त्र घेऊन चाकरी करणारा स्वार. कोट – तटबंदीचा किल्ला. गलबत – शिडाचं मोठं जहाज. दुफळी – आपसातली फूट.

जाता जाता एक विनंती. तुमच्या वर्गात किंवा इमारतीत चालता न येणारं, खेळाच्या तासाला कडेला बसून राहणारं एखादं मूल असेल. नाथमाधवांची गोष्ट सांगताना सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतील असं काही बोलू नका. बघ, त्यांनी केलं, तूही कर, असा उपदेश त्याला नको असतो. त्याला पुस्तक द्या. किल्ल्यावर जायचं ठरलं तर त्याला तिथवर कसं नेता येईल याची सोय आधी बघा. वर जाणं जमलंच नाही, तर कोळ्याच्या मुलीच्या गोष्टीचा शेवट काय करायचा ते त्याला ठरवू द्या. बाकीची मुलं ऐकायला बसतीलच.

वाचनालयात नाथमाधवांचं एखादं पुस्तक मिळालं तर या आठवड्यात घरी आणा. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा, दुसरं मुलाला वाचू द्या.